'अप' : कार्लने खुर्च्या फेकल्या नाहीत, मांडल्या

ओसरी

गेल्या शनिवारी बाबांबरोबर पिक्सारचा 'अप' (२००९) पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आई होती आणि तिला त्यातले कुत्रे फार आवडले होते. या वेळी आम्ही दोघंच होतो. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडते. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. डोंबिवलीतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. बाबा सामान बांधायला हात लावू देत नव्हते. आईचं शिलाई मशीन, फळीवरचे तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले डबे, तिची वेताची खुर्ची. काहीही उचललं की "ते राहू दे". वाद घालून मी थकले होते. म्हणून त्या दिवशी म्हटलं, आज काही बांधायचं नाही, सिनेमा बघू.

कार्ल फ्रेड्रिकसन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, फुगे विकणारा. त्याची बायको एली गेलेली. चहूबाजूंनी मोठ्या इमारतींचं बांधकाम चाललेलं आणि मधोमध याचं एकट्याचं लाकडी घर. लग्नानंतर दोघांनी रंगवलेली, दोघांच्या हाताचे ठसे उमटलेली पत्रपेटी बांधकामाच्या गाडीच्या धक्क्याने मोडते, कार्ल संतापून कामगाराच्या डोक्यात काठी घालतो आणि कोर्ट त्याला वृद्धाश्रमात पाठवायचं ठरवतं. ज्या सकाळी न्यायला माणसं येतात, त्याच सकाळी तो घराला हजारो फुगे बांधून उडतो. निघतो एलीला लहानपणी दिलेल्या वचनासाठी, दक्षिण अमेरिकेतल्या पॅराडाइज धबधब्याच्या काठावर घर नेऊन ठेवायला. व्हरांड्यात चुकून अडकलेला रसेल हा आठ वर्षांचा पोरगाही सोबत जातो.

माझा प्रश्न शेवटाकडच्या एका प्रसंगाबद्दल आहे. घर धबधब्यापाशी पोचतं. कार्ल एलीची वही उघडतो. 'मी करणार आहे त्या गोष्टी' या पानापुढे काही नसेल असं त्याला आयुष्यभर वाटत आलेलं असतं. पण पुढची पानं तिने त्यांच्या संसाराच्या फोटोंनी भरलेली असतात. शेवटी दोन ओळी : या साहसाबद्दल आभार, आता एक नवं साहस कर. मग रसेलच्या मदतीला जायचं असतं, पण फुगे कमी झालेले, घर जमिनीवरून उठत नाही. तेव्हा कार्ल घरातलं सामान बाहेर काढतो. कपाटं, फ्रिज, सगळं.

इथे मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते उठून जातील. ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खुर्च्या नाही फेकल्या त्याने. शेजारी शेजारी मांडल्या."

मी हा सिनेमा याआधी निदान चार वेळा पाहिला असेल आणि मला ते दिसलं नव्हतं. घर वर जातं, खाली खडकावर त्या दोघांच्या खुर्च्या नीट लावलेल्या दिसतात. क्षणभरच दिसतात.

कार्लने एलीचं सामान टाकून दिलं असं तुम्हाला वाटतं का? की वचन पुरं झाल्यावरच त्याला ते करता आलं? तुम्ही कसं पाहता ते ऐकायचंय.

निळी_छत्री

ओसरी, वाचून डोळे भरले. बाबांना नमस्कार सांग.

मला वाटतं वचन धबधब्यापाशी पोचून पुरं झालंच नाही. तो पोचतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद कुठे आहे? दोरी खांद्याला लावून घर ओढत आणलं, दोन्ही खुर्च्या जागच्या जागी सरळ केल्या, बसला, आणि सगळं गप्प. मिळालं ते वही उघडल्यावर. एलीच्या लेखी ते साहस आधीच होऊन गेलेलं होतं, रोजच्या जगण्यात. कळायचं बाकी होतं ते फक्त कार्लला.

दादरचा_कोपरा

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते अनुभवातून आलंय. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीत मी सहा वर्षं होतो. एका ज्येष्ठ सभासदांनी संमतीपत्रावर सही केली नाही आणि बाकीची कुटुंबं गळक्या छताखाली थांबून राहिली. त्या काळात मला त्यांचा राग यायचा, हे खरं सांगतो. नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, तारखांसकट. नव्या इमारतीत ती भिंत नसणार, एवढंच ते मला म्हणाले.

कार्लचं घर स्वतंत्र आहे, जमीनही त्याची. त्याच्या नकाराने दुसऱ्या कोणाचं छत अडलेलं नाही. म्हणून सिनेमा पाहताना आपण सहज त्याच्या बाजूला जातो. पण ती काठी डोक्यात बसते, रक्त येतं, आणि कार्ल स्वतःच घाबरून घरात शिरतो, तो क्षण मला फार खरा वाटतो. दिग्दर्शकाने त्याला तिथे निर्दोष ठेवलं नाही. वस्तूवरची माया माणसावर हात उगारण्यापर्यंत जाऊ शकते, हे मुलांच्या सिनेमात दाखवलंय.

त्या ज्येष्ठ सभासदांनी पुढे सही केली. भिंतीचा फोटो मी काढून, मोठा छापून दिला.

भौतिकमास्तर

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी हा सिनेमा प्लावकता, म्हणजे वस्तू का तरंगतात ते, शिकवायला वापरतो. हिशेब मांडतो, कुठे चुकलो तर सांगा.

एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम वजन उचलतो. जत्रेतला फुगा अकरा इंचांचा धरा, त्यात अकरा-बारा लिटर वायू मावतो. रबराचं आणि दोरीचं वजन वजा केलं की एका फुग्याच्या वाट्याला नऊ ग्रॅमच्या आसपास उरतात. समजा कार्लचं लाकडी घर ४० टनांचं आहे. म्हणजे ४४ लाखांहून जास्त फुगे लागतील. पिक्सारच्या लोकांनी घर उचललं जातं त्या दृश्यात २०,६२२ फुगे काढले आणि पुढच्या बहुतेक उड्डाणात १०,२९७. आमच्या हिशेबाने २०,६२२ फुग्यांनी उचललं जाईल जेमतेम १८५ किलो. म्हणजे कार्ल, रसेल आणि त्याचं ते भलंमोठं दप्तर.

असं असूनही २०११ साली नॅशनल जिओग्राफिकच्या चमूने खरंच एक छोटं घर उडवलं. सोळा फूट बाय सोळा फूट. फुगे मात्र हवामानखात्याचे असतात तसे, प्रत्येकी आठ फूट उंचीचे, तीनशे. घर दहा हजार फुटांच्या वर गेलं आणि तासभर तरंगलं.

हे सगळं सांगण्याचं कारण खुर्च्यांचा प्रसंग. फुगे कमी झाले, उचल कमी पडली, तर वजन कमी करायला हवं. बलूनमधून वाळूच्या पिशव्या टाकतात तसंच. म्हणजे कार्लला सामान काढायला कोणी समजावलेलं नाही, कोणी भाषण दिलेलं नाही. पोराला वाचवायचं तर घर हलकं करा, हा निसर्गाचा नियम आहे. मुलांना हे लगेच कळतं. एका मुलीने वर्गात विचारलं होतं, "सर, त्या खुर्च्यांचं वजन किती असेल?" मी त्या दिवशी पुढे शिकवू शकलो नाही.

कडेकपारी

मास्तर, सुंदर. आता जागेबद्दल मी सांगतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

पॅराडाइज धबधबा ही कल्पना असली तरी त्यामागे व्हेनेझुएलातला एंजल धबधबा आहे. उंची ९७९ मीटर, जगातला सर्वांत उंच. तिथल्या पेमोन लोकांचं नाव केरेपाकुपाई मेरू. तो ज्या पठारावरून पडतो त्याला औयान-तेपुई म्हणतात. तेपुई म्हणजे चारी बाजूंनी उभे कडे असलेली सपाट माथ्याची टेबलं. आपल्या सह्याद्रीतल्या सपाट माथ्यांचे किल्ले डोळ्यांपुढे आणा, फक्त कडे अनेक पट उंच. आपला दगड बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिथला वालुकाश्म दीड अब्ज वर्षांहून जुना.

२००४ मध्ये दिग्दर्शक पीट डॉक्टर आणि पिक्सारचे चित्रकार प्रत्यक्ष रोराइमा तेपुईवर जाऊन राहिले, चित्रं काढली. ते सिनेमात दिसतं. धुक्यातून जाताना कार्लला माणसासारखा वाटणारा दगड, रसेलला कासवासारखा वाटणारा दगड, हे कोणी स्टुडिओत बसून रचलेलं नाही. रोराइमाच्या माथ्यावर असेच चित्रविचित्र आकार आहेत. तिथे एक चिमुकला काळा बेडूक असतो, त्याला उडी मारता येत नाही. संकट आलं की अंग आखडून गोळा होतो आणि उतारावरून घरंगळतो. असा प्राणी जगात आहे म्हटल्यावर सिनेमातला तेरा फुटी केविन पक्षी असणारच, असं मला लहानपणी नक्की वाटलं असतं.

एंजल हे नाव जिमी एंजल या वैमानिकावरून पडलं. १९३७ साली त्याने पठारावर विमान उतरवलं, ते चिखलात रुतलं. तो, त्याची बायको आणि दोन साथीदार अकरा दिवस चालून खाली आले. विमान तेहतीस वर्षं वरच पडून होतं, १९७० मध्ये हेलिकॉप्टरने खाली आणलं. सांगायचा मुद्दा, तिथल्या पठारावर जड काहीतरी मागे ठेवून निघणारा कार्ल पहिला नाही.

ओसरी

कडेकपारी, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "बायको बरोबर होती ना?" हो म्हटलं. "मग बरं," म्हणाले.

रानपाखरू

केविनबद्दल मी बोललंच पाहिजे. तो रंग हिमालयन मोनालवरून घेतलाय. उत्तराखंडचा राज्यपक्षी. चोपत्याहून तुंगनाथला चढताना पहाटे मला दिसला होता. उन्हात पाठ वळली की हिरवा, निळा, तांबडा, जांभळा असे रंग एकावर एक सरकत जातात, अंगावर तेल ओतल्यासारखे. पडद्यावर केविन पहिल्यांदा झाडीतून बाहेर येतो तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले.

पक्षीनिरीक्षकाच्या नजरेने एक गोष्ट सांगते. मोनालमध्ये हे रंग नराचे. मादी तपकिरी, ठिपक्यांची, गवतात लपणारी. सिनेमात केविन मादी निघते, पिल्लांची आई. म्हणजे निर्मात्यांनी आईला नराचा साज चढवला. शास्त्राला धरून नाही, पण मला आवडलं. एरवी गोष्टीतली आई नेहमी मागे, मळकट रंगात असते.

साधा_प्रेक्षक

सगळे भारावून लिहितायत म्हणून संकोच होतोय, पण मला हा सिनेमा अर्धाच आवडतो. एली आणि कार्लच्या संसाराची पहिली काही मिनिटं अप्रतिम आहेत. पुढे बोलणारे कुत्रे, विमानं उडवणारे कुत्रे, पक्ष्यामागे धावाधाव. आणि चार्ल्स मंट्झ हा खलनायक. कार्ल शाळकरी पोरगा असताना जो प्रौढ साहसवीर होता, तो कार्लच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काठ्या-तलवारी परजतोय! नव्वदीच्या पुढचा असला पाहिजे. एवढ्या खऱ्या सुरुवातीनंतर हे मला पोरकट वाटतं.

निळी_छत्री

वयाचा मुद्दा मान्य. पण मंट्झशिवाय कार्लची गोष्ट मला अपुरी वाटेल. मंट्झचं विमानपोत आठवा. आत सांगाड्यांचं संग्रहालय, मांडलेलं जेवणाचं टेबल, आणि माणूस एकही नाही. अख्खं आयुष्य एकाच पक्ष्यामागे गेलं, कारण लोकांनी त्याला खोटं ठरवलं होतं. जो कोणी वाटेत आला तो पक्षी चोरायलाच आलाय अशी त्याची खात्री. कार्लही त्याच वाटेने निघालेला असतो. केविन जाळ्यात सापडते आणि मंट्झ घराला आग लावतो, तेव्हा कार्ल पक्ष्याला सोडून घर वाचवायला धावतो. रसेल म्हणतो, तुम्ही तिला देऊन टाकलंत. तिथे कार्ल आणि मंट्झ यांच्यात फार अंतर उरत नाही. मंट्झ हा आणखी काही वर्षांनंतरचा कार्ल आहे, असं मी पाहते.

आणि कुत्र्यांबद्दल. डग आल्या आल्या सांगतो, मी तुम्हाला आत्ताच भेटलो आणि माझं तुमच्यावर प्रेम आहे. ज्या माणसाने बायको गेल्यावर दाराला कड्यांवर कड्या लावल्यात, त्याच्यासमोर हे. मला त्यात पोरकट काही दिसत नाही. डगचा आवाज सहदिग्दर्शक बॉब पीटरसन यांचा आहे. ज्याने पटकथा लिहिली त्यानेच ते वाक्य बोलल्यामुळे ते इतकं निर्मळ उतरलं असेल.

तीनताल

सुरुवातीच्या त्या चार-साडेचार मिनिटांविषयी. त्यात एकही संवाद नाही, सगळं मायकल जियाकिनो यांच्या संगीतावर आहे. त्याबद्दल त्यांना ऑस्कर मिळालं. (सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचंही याच सिनेमाला मिळालं. मुख्य चित्रपटाच्या नामांकनात आलेला हा दुसराच ॲनिमेशनपट.)

ती धून वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांची. आपला दादरा तीन-तीन असा सहाचा. मी ती तबल्यावर धरून पाहिली, 'धा धी ना धा ती ना'वर अलगद बसते. लग्नाच्या दिवशी ती जलद आणि नाचरी असते, तुतारी तोंड दाबून वाजवलेली. मग साठवणीची बरणी येते. धबधब्याला जायचे पैसे जमवायचे, आणि दर वेळी काहीतरी निघतं. गाडीचा टायर, कार्लचा मोडलेला पाय, छपरावर कोसळलेलं झाड. बरणी फोडायची. तिथे धून चालूच राहते, थांबत नाही. संथ होते ती त्याआधीच्या दवाखान्याच्या प्रसंगात. एली डॉक्टरसमोर मान खाली घालून बसली आहे. मूल होणार नाही हे आपल्याला कोणी सांगत नाही. आणि शेवटी तीच धून एकट्या पियानोवर, एकेक स्वर सुटा सुटा.

चाल तीच, लय बदलली की अर्थ बदलतो. आमचे गुरुजी ठुमरी शिकवताना हेच सांगायचे.

चिंगीची_आई

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तुम्ही सगळे जे लिहिताय ते वाचून तिला दाखवावा की नाही कळेना. दवाखान्याचा प्रसंग आणि एलीचं जाणं तिला झेपेल का? नुकतंच तिच्या पणजीचं झालं.

ओसरी

चिंगीच्या आई, माझ्या भाच्याने सहाव्या वर्षी पाहिला. दवाखान्याचा प्रसंग त्याच्या डोक्यावरून गेला, त्याने काही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. एली गेल्याचं त्याला कळलं. "आजी कुठे गेली?" विचारलं. वारली म्हणून सांगितलं. तो थोडा वेळ मांडीत येऊन बसला आणि फुगे दिसले तसा उठला. त्याला भीती वाटली ती पुढे. कुत्री अंगावर धावून येतात तेव्हा, आणि मंट्झ उंचावरून पडतो तेव्हा. तिथे शेजारी बसा. लांबी ९६ मिनिटं आहे, मध्ये थांबवून खाऊ खाल्लात तरी चालेल. एकटीला लावून देऊ नका एवढंच.

भौतिकमास्तर

सहमत. आणि पणजीबद्दल ती स्वतःहून बोलली तर बोलू द्या. मुलं फुग्यांच्या आडून बोलतात.

खाडीपलीकडे

मी इथे कॅलिफोर्नियात ओकलंडला राहतो. शेवटी कार्ल आणि रसेल दुकानाबाहेर फुटपाथच्या कडेला बसून आइसक्रीम खातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतात, एकाने लाल आणि एकाने निळ्या. ते दुकान खरं आहे, फेंटन्स, १८९४ पासूनचं. पिक्सारचं कार्यालय शेजारच्या एमरीव्हिलला. रसेल जंगलात आधी सांगतो की बाबा त्याला तिथे न्यायचे आणि ते दोघे असे गाड्या मोजायचे. कंटाळवाणी वाटेल अशी गोष्टच मला सगळ्यात जास्त आठवते, असं काहीसं तो म्हणतो. रसेलला त्याच्या स्काउटसारख्या संघटनेचा बिल्ला मिळतो त्या समारंभाला त्याचे बाबा येत नाहीत. बिल्ला कार्ल लावतो, एलीने लहानपणी त्याला दिलेलं सोड्याच्या बाटलीचं झाकण.

माझे आईवडील नाशिकला. दोघं सत्तरीच्या पुढे. गेल्या वर्षी आले होते तेव्हा आम्ही तिघं त्याच फुटपाथवर बसलो. बाबांनी लाल घेतल्या, आईने निळ्या. त्यांना सिनेमाचं काही माहीत नव्हतं, मी नुसतं म्हटलं, मोजू या. आई जिंकली. तेवढंच आम्ही त्या दिवशी केलं, आणि फोनवर अजून त्याबद्दलच बोलतो.

साधा_प्रेक्षक

काल परत पाहिला, तुमच्यामुळे. मंट्झ मला अजूनही पटत नाही. पण खुर्च्या पाहिल्या. आणि एक गोष्ट, जी कोणी लिहिली नाही : घर हातातून सुटून ढगांत खाली जातं, तेव्हा रसेल म्हणतो, तुमच्या घराचं वाईट वाटतं. कार्ल म्हणतो, अरे, ते नुसतं घर होतं. सबंध सिनेमाभर ज्या घराशी तो "एली" म्हणून बोलत आला, त्याबद्दल. एड अॅसनर यांचा आवाज तिथे किती हलका झालाय ऐका. सुरुवातीला तोच आवाज खडीसारखा आहे. अर्धाच आवडतो म्हणालो होतो, ते मागे घेतो. पाऊण म्हणा.

दादरचा_कोपरा

आणि ते घर धबधब्याच्या काठावर जाऊन टेकतं, बरोबर एलीने चित्रात काढलं होतं तिथेच. कार्लला ते कधीच कळत नाही. फक्त आपल्याला दिसतं.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घर रिकामं केलं. शिलाई मशीन मावशीकडे गेलं, ती रोज शिवते, बाबांनीच सुचवलं. डबे मी आणले, चिठ्ठ्यांसकट. डाळीच्या डब्यात डाळच भरली आहे.

टेम्पो आला तेव्हा बाबा आईच्या खुर्चीजवळ उभे राहिले. मी काही बोलले नाही. त्यांनी हमालांना सांगितलं, "ही शेवटी चढवा. म्हणजे आधी उतरेल."

निळी_छत्री

उतरवल्यावर कुठे ठेवली?

ओसरी

खिडकीशी, तिथून रस्ता दिसतो. बाबांची स्वतःची खुर्ची अजून ट्रंकांच्या खाली दबलेली आहे, रविवारी काढू.